आठवी खोली

दातांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर सातवा होता. समोरच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

"वन्सं, आम्ही बोटीची सफर ठरवली. आठ दिवस."

"दोघंच?"

"ठरवलं तेव्हा दोघंच. तीस वर्षांत कधी नव्हे तो एकांत."

"मग?"

"एजंट म्हणाला, लवकर पैसे भरा, बोटीवर खर्चायला क्रेडिट मिळेल. भरले. म्हणाला, एक कुटुंब जोडीला आणा, आणखी मिळेल. धाकट्या जावेला घेतलं."

"तिच्याशी तर तुमचं बोलणं बंद आहे ना?"

"क्रेडिटसाठी चालू केलं. मग म्हणाला, आठ खोल्या भरल्यात तर दुप्पट. माझी अक्कल गेली चरायला! थोरली जाऊ, मावशी, ह्यांचे मामा, सगळ्यांना फोन केले."

"आणि एकांत?"

"तो गेला क्रेडिटमध्ये."

"एवढ्या क्रेडिटचं करणार काय?"

"रोख मिळत नाही हो, बोटीवरच संपवायचं. रोज डोक्याला मालिश करून घेईन म्हणते."

"खोल्या किती झाल्या?"

"सात."

"तरीच! माझा दात दुखतोय म्हटल्यावर लगेच सोबत आलात."

"अहो, तसं नाही..."

"असू दे. आठवी आमच्या नावावर लावा. रोज मालिश करायची, तर रोज डोकं दुखायला नको?"