चहा न घेणारी पोरं

…आणि चहा? चहासुद्धा घेत नाहीत हो! म्हणजे तुम्हीच सांगा मला, आठवड्यातून तीन दिवस कुणाच्या तरी घरी जायचं, म्हाताऱ्या बाईला या खोलीतून त्या खोलीत फिरवायचं, गोळ्या घेतल्या का बघायचं, मोबाईलची अक्षरं मोठी करून द्यायची, आणि ती बाई आलं किसून, गवती चहा घालून, वरून वेलदोडा कुटून कप पुढे करते तर म्हणायचं काय, "ना बा, अमारो नियम छे." नियम! चहा न पिण्याचा नियम! अहो, मीटर बघायला येणारा घेतो, कुरिअरवाला उभ्या उभ्या घेतो, कोर्टाची नोटीस घेऊन आलेला माणूससुद्धा दोन घोट घेऊन मग वाईट बातमी देतो… आणि ही कालेजातली पोरं घेत नाहीत? का? मनात काहीतरी असल्याशिवाय?

थांबा, तुम्हाला नीट सांगतो.

ही बाई म्हणजे आमची मंदाकिनी आत्या. बाबांची मोठी बहीण. सुभानपुऱ्यात पहिल्या मजल्यावर एकटी राहते. चौतीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलंय तिनं, अजून रस्त्यात टक्कल पडलेले इंजिनिअर तिला बघितलं की खिशातले हात बाहेर काढतात. तर अशी ही गणिताची बाई जूनमध्ये स्टुलावर पाट ठेवून, त्या पाटावर उभी राहून, माळ्यावरचा सोऱ्या काढायला गेली. जूनमध्ये! चकल्यांचा सोऱ्या! पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन, वॉकर, सगळं झालं.

लगेच टोरांटोहून समरजितचा फोन. समरजित म्हणजे तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, तिकडे रात्रीचे दोन वाजले तरी आवाज मीटिंगमधला. "आई, करजणला हायवेजवळ एक जागा बघून ठेवलीय. वृद्धाश्रम नाही गं, सीनियर लिव्हिंग. अगदी रिसॉर्ट आहे."

आत्या म्हणाली, "समर, रिसॉर्टला गेलेला माणूस दोन दिवसांनी परत येतो."

शेवटी ठरलं असं, की पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला फिजिओथेरपिस्ट बाई येणार, आणि आत्यानं अठरा पायऱ्या कुणाचाही हात न धरता उतरून परत चढून दाखवायच्या. दाखवल्या तर आपलं घर. नाही तर करजण. सरळ हिशोब. आणि तोपर्यंत आठवड्यातून तीनदा कुणीतरी येऊन तिला चालवायचं. कुणीतरी म्हणजे कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आता माझं ऑफिस अलकापुरीत, सुटता सुटता साडेसात वाजतात, मी म्हटलं मी रविवारी नक्की… तर समरजितनं तिकडे बसून इथली पोरं शोधून काढली. ग्रुपचं नाव 'टेको'. गुजरातीत टेको म्हणजे आधार. फुकट येतात म्हणे. फुकट! मला तिथंच पहिली शंका आली.

दोघं यायचे. एक धैवत, लांबलचक पोरगा, दारातून वाकून आत येणार. दुसरी मोहना, आपल्या मराठीच घरातली, डोळ्यांवर केवढाला चष्मा. पहिल्या दिवशी आत्यानं चहा टाकला, तेव्हा वॉकर धरून, एका हातानं, हां! ट्रे पुढे केला. धैवत हात जोडून, आजीला बा म्हणत, "ना बा." मोहना म्हणाली, "आजी, खरंच नको, आमच्याकडे पाणी आहे." आणि दोघांनी आपापल्या पिशवीतून बाटल्या काढल्या. पाणीसुद्धा आपलं!

ते गेल्यावर आत्या दोन्ही कपांवर बश्या झाकून बसून राहिली. तुम्हाला सांगतो, तिच्या डोक्यात काय चाललेलं ते मला दिसत होतं. फुपाजी, म्हणजे आत्याचे यजमान, गेल्यापासून त्या घरात दुसरा कप कुणी घेतला नव्हता. मी घ्यायचो, पण मी घरचा. तिचं म्हणणं असं, की ज्यानं आपल्या ओट्यावरचा चहा घेतला त्याला मग आपल्याशी वाईट वागताना जरा जड जातं. जो घेतच नाही त्याला कशाचं जड जाणार? तो कधीही उठून जाऊ शकतो. किंवा… कधीही काहीही करू शकतो!

समोरच्या कांचनबेन तर तयारच होत्या. दाराच्या फटीतून अर्धं नाक बाहेर, "मंदाबेन, आ लोको फ्लॅट लखावी लेशे, जोजो! मफतमां कोई आवे?" फ्लॅट लिहून घेतील! आत्या म्हणाली, "कांचनबेन, माझी सही तीन वर्षांपासून बँकेत जुळत नाही, यांना कुठून जुळणार?" पण तोंडानं म्हणाली एवढंच. रात्री मला फोन. "शुभ्या, मंगळवारी लवकर ये. मला त्या पोरांवर लक्ष ठेवायचंय."

आता बघा, रविवारीसुद्धा कधीकधी न जमणारा मी, मंगळवार-गुरुवार-शनिवार हाफ डे टाकून सुभानपुऱ्यात! कशासाठी? तर दोन पोरं चोर आहेत का बघायला. मॅनेजर विचारतो, "क्या हुआ, घर में कोई सीरियस है?" म्हटलं, "बहुत सीरियस."

आत्यानं काय केलं, चांदीचा करंडा टीपॉयवर ठेवला. एकदम काठावर. आणि मला घेऊन स्वयंपाकघरात, भांड्यांचा आवाज करत. पाच मिनिटांनी बाहेर येऊन बघतो तर करंडा जागेवर… आणि पुसलेला! मोहनानं ओढणीच्या टोकानं पुसून आत सरकवला होता, पडेल म्हणून. आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी आत्याकडे. चोर असते तर कळलं तरी असतं हो! हे काय?

मग मी त्यांचं पान बघितलं मोबाईलवर. म्हटलं, फोटोसाठी करत असतील, म्हाताऱ्या बाईचा हात धरलेला फोटो, खाली फुलं, हात जोडलेले. वर वर करत अंगठा दुखला, आत्याचा एक फोटो नाही! एकही नाही! मग मिळतं काय यांना? आणि चहा? चहासुद्धा घेत नाहीत हो!

आत्यानं मग शेवटची हत्यारं काढली. गुरुवारी थालीपीठ. लोणी वर वितळतंय. "ना बा." शनिवारी सांज्याच्या पोळ्या. "आजी, नको ना हो, प्लीज." पुढच्या मंगळवारी तिनं सेव उसळ केली, लाल तर्री, वर सेव, कांदा, लिंबू, सगळा जिना दरवळत होता, कांचनबेनचं पूर्ण नाक बाहेर आलं. धैवत पाठ करून उभा राहिला. पण त्याचा गळा हलला! एवढा मोठा घोट गिळला त्यानं! आत्यानं पाहिलं. मीही पाहिलं. आणि आत्याची खात्रीच झाली. "भूक लागलेली असून खात नाही. म्हणजे वरून ऑर्डर आहे."

कुणाची ऑर्डर? ते विचारायचं नाही.

आणि मग तिनं संप केला. सरळ संप! वॉकर कोपऱ्यात, आत्या खुर्चीत, हात मांडीवर. "तुम्ही चहा घेईपर्यंत मी उठणार नाही." मोहना म्हणाली, "आजी, वीस तारखेला नऊ दिवस राहिलेत." आत्या म्हणाली, "मला वजाबाकी येते." धैवत म्हणाला, "बा, घेतला तर अमने काढी नाखशे ग्रुपमांथी." काढून टाकतील? चहा प्यायला म्हणून? आत्या म्हणाली, "मग असा ग्रुप सोडा." गुरुवारही तसाच. शनिवारही तसाच! तिघंही बसून. पंखा फिरतोय. चहा गार होतोय. तुम्हाला काय सांगू, मी तीन दिवसांत सगळ्यांच्या वाटचे मिळून अकरा कप प्यायलो, झोप लागेना मला!

शनिवारी ते गेल्यावर मी आत्याला म्हटलं, "आत्या, अगं पाच दिवस राहिले, चालली नाहीस तर करजण." तर म्हणाली, "शुभ्या, ज्या घरात येणारा माणूस पाणी पीत नाही ना, ते घर काय आणि करजणची खोली काय."

मी उरलेले कप विसळायला घेतले.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता बेल वाजते. दोघं. रविवारी! सुट्टीच्या दिवशी! दारातच उभे, आत येईनात. धैवत खाली बघत, मराठीत, तोडक्यामोडक्या, "बा, आमी नियम वाचला पाछा, परत. नियममां लखेलं छे, घरात काय घ्यायचा नाय. घरात. पार्किंग घर नथी." पार्किंग म्हणजे घर नाही!

आणि दोघं वळले आणि टकटक खाली उतरून गेले! वरून बघतो तर पार्किंगमध्ये स्कूटर्सच्या मधल्या जागेत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या… नाही, तीन. तीन ठेवलेल्या!

मी म्हटलं, बघ आत्या, बघ, सापळा आहे हा! आत्या म्हणाली, "मला कळत नाही असं वाटतं का तुला? आठवी क ला शिकवलंय मी चौतीस वर्षं." आणि उठली. ओट्याशी गेली. चहा टाकला, आलं, गवती चहा, सगळं. थर्मासमध्ये भरला, पट्टा गळ्यात अडकवला, कप पदरात बांधले. मी हात पुढे केला तर हातावर फटका! "लांब हो. हात धरला तर मोजणार नाहीत."

अठरा पायऱ्या. तुम्हाला खोटं वाटेल, मी प्रत्येक पायरीला श्वास धरत होतो. सहाव्या पायरीवर थांबली. मला वाटलं, संपलं, करजण! पण ती थर्मास सरळ करत होती. बाराव्या पायरीला कठडा घट्ट धरून उभी राहिली, कपाळावर घाम, ओठ हलतायत, पाढा म्हणत होती, तेराचा पाढा! कांचनबेन दारात, पूर्ण बाहेर, तोंडावर हात. आणि खाली ती दोन पोरं उभी, एक पाऊलसुद्धा पुढे येत नव्हती. धैवतनं हात पाठीमागे बांधले होते, एकमेकांत घट्ट धरून. तेवढं मात्र मी बघितलं.

उतरली. खुर्चीत बसली. कप सोडले, ओतला. धैवतनं कप दोन्ही हातांनी धरला आणि एका घोटात… तोंड भाजलं त्याचं. दुसरा कप मागितला! आत्यानं तो काठोकाठ भरला.

मग विचारलं तिनं, अगदी शाळेतल्या आवाजात. "आता सांगा. नियम का?"

मोहनानं सांगितलं. मागच्या वर्षी एका आजींकडे जायचे ते. एकट्या. त्यांना एक वेळचा डबा यायचा, एका माणसापुरता. त्या रोज म्हणायच्या, मी जेवले, तुम्ही खा. ही पोरं खायची. दोन महिने. आजी बारीक होत गेल्या, मग एक दिवस डॉक्टरांनी विचारलं, या जेवतात काय? "आम्ही त्यांचाच डबा खात होतो, आजी," मोहना म्हणाली, आणि चष्मा काढून पुसायला लागली. "म्हणून नियम."

आत्या लगेच म्हणाली, "माझ्या घरात पाच किलो पोहे आहेत. डबा दाखवते वर या." आणि मग, "बरं, वर नको. शुभ्या, डबा खाली आण."

पाच किलो पोह्यांचा डबा! मी! अठरा पायऱ्या! पुरावा म्हणून!

वीस तारखेला फिजिओ बाई आल्या तेव्हा आत्या थर्माससकट उतरली आणि थर्माससकट चढली, आणि बाईंनाही पाजला. समरजितनं व्हिडिओवर बघितलं, बराच वेळ नाक ओढत होता, म्हणे थंडी आहे तिकडे, भर उन्हाळ्यात! करजणची खोली सोडली. घर राहिलं!

म्हणजे संपलं सगळं, नाही का? गोड झालं?

कसलं गोड! आत्या आता 'टेको'त आहे. अहो, खरंच! चौऱ्याहत्तराव्या वर्षी! त्यांच्या यादीत नाव घातलंन, अलकापुरीतल्या कुणा श्रीपतरावांना दिसत नाही, त्यांना पेपर वाचून दाखवायला जाते, धैवतच्या स्कूटरवर मागे बसून. आणि फोन उचलत नाही. मग समरजितचा मला फोन, "जरा बघून ये रे." मी जातो. कुलूप. दोन दिवसांनी परत फोन. परत कुलूप. ज्या घरासाठी एवढं सगळं केलं त्या घरात ही बाई सापडतच नाही, आणि मी आपला आठवड्यातून तीनदा, तोही फुकट, बंद दारासमोर उभा!

परवा सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी काढलेला, पाठमोरा एक माणूस, आत्याच्या कुलपाकडे वाकून बघतोय. खाली लिहिलंय, "आ भाई रोज आवे छे. कोण छे? ध्यान राखजो."

मी. मीच तो!

आणि त्या मेसेजला पहिला अंगठा कुणाचा, सांगू?

आत्याचा.