एक बुधवार सोडून

...नाही, पण मला एक सांगा, जागं होणं आणि उठणं यात काही फरक असतो की नाही? असतो ना? मग ते आमच्या ह्यांना कोण समजावणार! मागं काही महिने रोज सकाळी साडेसहाला दारात उभे, हातात माझा चहा, आणि रोजचा प्रश्न, "उठलीस?" आता डोळे उघडे आहेत, छताकडं बघतेय, पंखा मोजतेय, म्हणजे उठलेच की! पण हात? हात पांघरुणावर पडलेत, कुणीतरी आणून ठेवलेत आणि न्यायला विसरलंय असे. मूठ वळ म्हणावं तर वळत नाही, कप धर म्हणावं तर तोही धरवत नाही... मी उठले होते हो, हात उठले नव्हते!

आणि तसे ते तेव्हा दोन-दोन तास उठायचे नाहीत. तोवर करायचं काय? पडून राहायचं. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी येते, ती कपाटावरून सरकत सरकत आरशापर्यंत जाते, आणि तिच्यामागं मीही कुठंतरी सरकत जाते... डोळे अर्धे मिटलेले, आणि त्या तंद्रीत माझी बोटं अशी चालतात म्हणून सांगू, लोण्यातून सुई जावी तशी! काजामागून काज, रेशमी दोरा, निळं कापड, संपतच नाही ते कापड, खिडकीतून बाहेर, गच्च्यांवरून, पार कुठवर... आणि मग हे म्हणतात, "चहा गार झाला." झालं! परत छत.

काजं म्हणजे, तुम्हाला सांगते, माझा धंदाच तो. कोटाची काजं करते मी, हातानं. मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात वरच्या मजल्यावर खिडकीशी माझी खुर्ची. मशीन एका मिनिटात काज पाडतं, मान्य आहे, पण मास्तरांचं गिऱ्हाईक कोट घेताना आधी काजावरून अंगठा फिरवून बघतं! टाक्याला टाका भिडलेला हवा, गाठ बरोबर कडेवर बसायला हवी, एका काजाला माझी पंचवीस मिनिटं जातात. बावीस वर्षं झाली. आणि अशा बाईला काय व्हावं? संधिवात! लोक लगेच म्हणतात, "आमच्या आत्यालाही आहे, गुडघ्याला तेल चोळ." अहो, तो नव्हे! हा वेगळा. ह्यात अंगाचा पहारेकरीच घरच्या माणसांना चोर समजून झोडपत सुटतो. माझ्या घरची माणसं म्हणजे ही दहा बोटं.

तर त्यावर इंजेक्शन मिळालं. एक बुधवार सोडून पुढच्या बुधवारी, आपलं आपण मांडीत टोचायचं. चार वर्षं, काय सांगू, चार वर्षं मी विसरले होते मला काही आहे म्हणून! टोचलं की त्या संध्याकाळी तेवढं अंग जड व्हायचं. मग ह्यांनी नियमच केला. हे बस डेपोत वेळापत्रकं लावतात, त्यांना नियम केल्याशिवाय जेवण जात नाही. नियम असा, की बुधवारी सहा ते आठ हिनं खोलीत पडायचं, दार बंद, कुणी हाक मारायची नाही, स्वयंपाक ते करणार, आणि झाल्यावर कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण.

तो बुधवार! अहो, लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती, आणि त्या घरात दार लावून पडलेली मी पहिल्यांदाच. बाहेर काहीतरी करपतंय आणि ते मला विझवायचं नाही. नळ वाहतोय, मला बंद करायचा नाही. लेक बापाला कुजबुजून विचारतेय, "मीठ कुठंय?" आणि हे तिला, "शूऽऽ! आईला विचारायचं नाही!" मी आपली उशीवर डोकं टेकून... पडदा फुगायचा, परत बसायचा, संध्याकाळ अशी हळूहळू निळी होत जायची, आणि मी त्या निळ्यात कुठं कुठं जाऊन यायचे, तुम्हाला म्हणून सांगते, एकदा तर मी लहानपणच्या शाळेच्या पायऱ्यांवर जाऊन नुसती बसून आले. दोन तास!

इथं माझं डोकं फिरलं. म्हणजे काय झालं, दाढ सुजली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतू आहेत तोवर इंजेक्शन बंद. तीन आठवडे. मग लगेच सुरू करा." तीन आठवडे झाले. बोटं एकदम झकास! चौथा झाला, झकास! मी म्हटलं, अरे, मग मला गरजच काय त्या सुईची? बरी झाले मी! पण हे ह्यांना सांगितलं तर? सुई गेली की बुधवारही गेला! हे लगेच म्हणणार, "अरे वा, बरी झालीस? मग आज काय करतेस जेवायला?"

म्हणून मी सुई सोडली आणि बुधवार ठेवला. हसताय काय? औषध आणायचं काम माझंच होतं, कामावरून येताना. आणणं बंद केलं. एक रिकामं खोकं तेवढं जपून ठेवलं. बुधवारी ते केराच्या टोपलीत अगदी वर, ह्यांना दिसेल असं ठेवायचे, आणि सकाळी कुणी बघायच्या आत उचलून परत कपाटात! आठ महिने. तेच खोकं! कोपरे झिजले बिचाऱ्याचे. आणि हे दर वेळी लाल पेन्सिलीनं खूण करतायत, वर मला म्हणतायत, "शिस्त असावी तर अशी."

आणि मग एका सकाळी उजवा अंगठा राहिला झोपलेला. म्हटलं, असेल, वाकडा पडला असेल उशीखाली. दुसऱ्या आठवड्यात दोन बोटं. महिन्याभरात दोन्ही हात, मनगटं, एवढाली सुजलेली! मी उठले होते हो, हात उठले नव्हते! दुकानात गेले तर सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, ते अंगुस्तान, बोटात शिरेना. मास्तरांनी कापड माझ्या हातातून हळूच काढून घेतलं. म्हणाले, "ताई, आठ दिवस आराम करा." बावीस वर्षांत मास्तर मला असं मऊ कधी बोलले नव्हते!

पळत गेले, इंजेक्शन आणलं, टोचलं. मनात म्हटलं, ये रे बाबा, चुकले मी. पंधरा दिवस थांबले. परत टोचलं. तीन महिने टोचतेय, आणि अंगावर कुणी पाणी शिंपडावं तेवढाही फरक नाही! जे औषध चार वर्षं माझ्या बोटांना रोज हाताला धरून उठवत होतं, ते ओळखच दाखवेना.

इकडं ह्यांनी तपास सुरू केला. "चार वर्षं चालणारं औषध अचानक बंद पडतंच कसं?" आणि गुन्हेगार कोण सापडला? फ्रीज! आता मी दोन-दोन इंजेक्शनं एकदम आणून त्यात गार ठेवत होते ना. आत थर्मामीटर लटकवला. दारावर चिठ्ठी, "दहा सेकंदांत दार मिटणे." लेकीची सवय अशी, की कॉलेजातून आली की फ्रीज उघडून उभी राहायची, काही घ्यायचं नसतं, नुसतं बघत उभं राहायचं. तिच्यावर ओरडले, "तू दार उघडं ठेवतेस, म्हणून आईचं औषध नासतंय!"

 त्या दिवसापासून पोरीनं फ्रीजला हात लावला नाही. एवढ्या उन्हाळ्यात माठही नाही घरात, नळाचं कोमट पाणी प्यायची. आणि एका सकाळी माझी वेणी घालायला बसली, माझे हात तर हे असे, आणि मागून हळूच म्हणते, "आई, माझ्यामुळं झालं ना गं तुला?"

आता सांगा! मी काय तोंडानं गप्प बसणार होते? पण बसले. त्या दिवशी बसले. लाज वाटते सांगायला, पण बसले. ती वेणी घालत होती आणि मला डोळेही पुसता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडं. हे कॅलेंडर गुंडाळून काखेत घेऊन आलेले! बाईंनी माझ्या हातात रबरी चेंडू दिला. "दाबा." दाबला. चेंडूला कळलंसुद्धा नाही. "दाढेनंतर एकही डोस चुकला नाही ना?" मी तोंड उघडायच्या आत हे, "एकही नाही! हे बघा, खुणा बघा!" आणि पसरलं कॅलेंडर टेबलावर. बाई चष्मा वर करून त्या लाल खुणा बघतायत, हे अभिमानानं पानं उलटतायत, आणि मला आपलं वाटतंय, की आता ही खुर्ची तरंगत तरंगत त्या खिडकीतून बाहेर गेली तर किती बरं होईल...

"त्या खुणा खोट्या आहेत," मी म्हटलं.

सगळं सांगितलं. दाढ, खोकं, केराची टोपली, सगळं. मी जे सुटले ते थांबलेच नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे आधी कळायला हवं होतं मला. मध्ये एवढी सुट्टी पडली की कधीकधी अंग त्या औषधालाच परकं मानायला लागतं, आल्या आल्या त्यालाच मारून टाकतं. तसंच झालं असावं. आता ते परत चालेल असं दिसत नाही. दुसरं देऊन बघू. गोळी आहे, रोजची. चालली तर कळायला तीन महिने लागतील." मी विचारलं, "आणि काजं?" बाई म्हणाल्या, "वचन देत नाही."

 घरी आल्यावर पहिलं काम, लेकीला मिठीत घेतलं आणि म्हटलं, "तुझा काही दोष नाही, तुझी आई लबाड आहे." ती आधी रडली, मग फ्रीज उघडून पाच मिनिटं उभी राहिली. आणि हे? हे बाकावर बसून बूट काढतायत, एकच बूट, काढतायत आणि घालतायत. शेवटी म्हणाले, "आठ महिने मी चवड्यांवर चाललो. कढईत चमचा वाजू दिला नाही. कशासाठी? तू आत नुसती पडली होतीस म्हणून?"

"हो."

"मग सांगायचं ना सरळ, मला बुधवार हवाय!"

"दिला असता तुम्ही?"

त्यावर त्यांनी खरोखर विचार केला हो. बूट हातात धरून, चांगला दोन मिनिटं विचार केला. आणि म्हणाले, "नसता दिला."

तेवीस वर्षांत एवढं खरं बोललेला माणूस मी पाहिला नव्हता. मला रडूही आलं आणि हसूही.

आता गोळी सुरू होऊन चार महिने झाले. कसं आहे म्हणाल, तर अर्धं. मूठ वळते, पण पक्की नाही. सकाळचे दोन तास होते ते आता पाऊण तासावर आलेत. मास्तरांनी खुर्ची कुणाला दिलेली नाही. दिवसाला दोन काजं होतात, पूर्वी बारा व्हायची. दुसऱ्या काजाचे शेवटचे टाके माझे मलाच आवडत नाहीत, पण मास्तर अंगठा फिरवतात आणि कोट खुंटीला लावतात. सगळं परत येईल का? कुणी सांगत नाही. मी विचारायचंही सोडलंय. सकाळी पट्टी सरकते, मी तिच्यामागं सरकते, मी उठलेली असते हो, हात यायचे असतात.

आणि बुधवार? तेही सांगते. ह्यांनी स्वतः, कुणी न सांगता, नव्या कॅलेंडरवर लिहिलं, "बुधवार, सहा ते आठ, हिचे." एक बुधवार सोडून नव्हे, दर बुधवारी! सुई नाही, खोकं नाही, एकदम कायदेशीर. मी गेले आत. दार लावलं. उशी, पडदा, निळं व्हायला लागलंय... टकटक. "झोपलीस?" नाही. "दुखतंय का?" नाही. "बरं वाटतंय ना?" हो. "नक्की?" हो हो, नक्की!

"मग जरा बाहेर येऊन बघतेस का, हे असं का करपलंय?"