मोटारीच्या डब्याला घातलेला हार

तुम्ही मला घाबरट म्हणता ना, मग हे ऐका. आमचे हे अंबडला इलेक्ट्रिक पॅनलच्या कंपनीत आहेत. मागच्या अंगणात पाण्याच्या मोटारीसाठी पत्र्याचा स्विचचा डबा त्यांनीच बसवला. त्यावर आयपी पासष्ट लिहिलंय. "सहा धुळीचा, पाच पाण्याचा. पाइपने पाणी मारलं तरी आत थेंब जाणार नाही," हे ऐकून ऐकून मला पाठ झालंय.

खंडेनवमीला यांनी मोटारीची पूजा केली आणि डब्याला झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी अंगण धुताना पाइप सरळ डब्यावर धरला. आमची चिऊ तिथंच पाण्यात उभी!

"अहो, पोरगी आहे तिथं!"

"पासष्ट आहे गं तो. काही होत नाही."

तेवढ्यात मला दिसलं, हाराचा दोरा झाकणाच्या फटीतून आत गेलाय. आणि चिऊ फूल ओढायला हात वर करतेय. मेन स्विच माझ्या शेजारीच, दाराजवळच्या भिंतीवर होता. तो खटकन पाडला आणि धावत जाऊन पोरीला उचललं.

"माझी सिरीयल गेली की गं!" आतून सासूबाई.

यांनी हसतच झाकण उघडलं. आतलं पाणी भसकन त्यांच्या पायावर आलं, बरोबर झेंडूच्या पाकळ्या. हार पडू नये म्हणून यांनीच दोरा झाकणाखाली दाबून स्क्रू आवळले होते, त्यामुळे पाणी अडवणारं झाकणाच्या कडेचं रबर नीट बसलंच नव्हतं.

आता कोणी डब्याचं विचारलं की हे सांगतात, "झाकण नीट बसलं तरच आकडा खरा. आणि घरात एक घाबरट माणूस ठेवा."