सहावी पेटी

दोन हजार सोळा. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार, झाडांची पानं गळायला लागलेली. — डिसेंबर नव्हे, बाई. डिसेंबरात तुम्ही स्लोव्हेनियात पेटी उघडलीत. भट्टी उघडली ऑक्टोबरात. मला माहीत असणार, उघडणारा मीच. तुम्ही बसा आधी. त्या खुर्चीत नको, ती इर्मगार्डची. बायको माझी. बहिणीकडे गेलीय, म्हणजे मीच पाठवली. जायला तयार नव्हती, म्हणाली, "आल्फोन्स, तू कुणाची माफी मागणार? तू? मग मी थांबतेच, बघायला मिळेल." केक ठेवून गेलीय, आलुबुखाऱ्याचा. खा. नको? बरं. राहू दे.

तर काम काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, पण सांगतो, कारण क्रमाने सांगितलं नाही तर माझं चुकतं. भट्टीत माल ज्यावर रचतात त्या लाद्या आमची कंपनी बनवते. जुन्या झाल्या की तडकतात, मग फेकायच्या — डोंगर झाला होता मागच्या अंगणात. त्या दळून त्यांच्याच भुकटीच्या नव्या लाद्या करायच्या, कमी आचेवर भाजायच्या, गॅस वाचवायचा. पैसा युरोपचा, देश पाच, प्रयोगशाळा सहा. आमच्या झायटलर साहेबांनी पहिल्या दिवशी भाषण केलं — पृथ्वी, नातवंडं, काय काय. मी म्हटलं, साहेब, पृथ्वीचं तुम्ही बघा, लाद्या मी भाजतो. हसले सगळे. पण खरं सांगू? आवडलं होतं मला काम. एकतीस वर्षं मी फुटका माल फेकत आलो होतो. कुणीतरी म्हणालं, फेकू नका. बरं वाटलं.

अठ्ठेचाळीस लाद्या. एकाच वेळी, एकाच आचेवर भाजलेल्या, सगळी मेख तीच. सहा पेट्या, पेटीत आठ. सहा ठिकाणी सहा माणसं मोजणार, उष्णता किती आरपार जाते ते, आणि सहांचे आकडे जुळले पाहिजेत. ज्याचा जुळणार नाही त्याचं यंत्र चुकलं. बरोबर ना? — हो, तसंच ठरलं होतं. तर खालच्या थरातल्या आठ तडकल्या. भुकटीच हलकी होती हो, जुना माल, त्यात काय काय मिसळलेलं —

नाही. भुकटी चांगली होती. दार मी लवकर उघडलं. ऐंशी अंशांवर उघडायचं, मी अडीचशेवर उघडलं. गावची जत्रा होती त्या दिवशी, बिअरच्या पिंपाला तोटी ठोकायचा मान माझा, चार वाजता. सगळं गाव उभं असतं. साडेतीन झाले होते. मी म्हटलं, जरासं उघडतो, दोन बोटं. गार हवा दाराखालून आत गेली, आणि आवाज आला — तो आवाज तुम्ही ऐकला नसेल. बारीक असतो. टिक. टिक. आठ वेळा. मी मोजले. आणि मग गेलो, आणि पिंपाला तोटी ठोकली. एका घावात. टाळ्या वाजल्या.

सोमवारी पेट्या जायच्या होत्या. पुन्हा भाजायचं म्हणजे आठ नाही, अठ्ठेचाळीस भाजायच्या. तीन आठवडे. आणि झायटलर साहेबांना सांगायचं की रोगलरचा, म्हणजे माझा, माल तडकला. एकतीस वर्षांत हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. कोठारात आमच्या नेहमीच्या लाद्या होत्या, कोऱ्या भुकटीच्या. माप तेच, रंग जवळजवळ तोच. आठ काढल्या, तडकलेल्यांचेच नंबर घातले, सहाव्या पेटीत भरल्या. सहावी कुणाकडे जाणार ते मी पाहिलंसुद्धा नव्हतं — नाही, पाहिलं होतं. यादीत सगळ्यात लहान प्रयोगशाळा तुमची. वाटलं, लहान आहे, कोण लक्ष देतंय.

तुम्ही दिलंत.

मार्चमध्ये आमच्या कॅन्टीनच्या हॉलमध्ये बसले होते सगळे. तुमचा आकडा वेगळा. तुम्ही उभ्या राहून म्हणालात, हा मालच वेगळा आहे. कुणीतरी हसलं. झायटलर साहेबांनी मला भट्टीवरून बोलावलं, मी कामाच्या कपड्यांत, दारातच उभा. "आल्फोन्स, लाद्या सगळ्या एकाच भट्टीतल्या?" मी म्हटलं, एकाच. एवढंच. आणि तुम्ही — दुसरं कुणी असतं तर भांडलं असतं — तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "भाजणारा माणूस सांगतोय, म्हणजे माझंच यंत्र चुकलं असेल." आणि खाली बसलात. यंत्रापेक्षा माझ्या शब्दावर भरवसा ठेवलात. मी भट्टीवर परत गेलो. पुढची भट्टी भरायला घेतली.

पुढे काम चांगलं झालं हो. तेच तर. पाच आकडे जुळले, गॅस वाचला, लाद्या आता चार देशांत जातात. मंत्री आले, फोटो निघाला, त्यात मी आहे. फक्त तुम्ही नाही. त्या आकड्यापायी तुमची नोकरी गेली हे मला वर्षभरात कळलं. शाळेत शिकवता म्हणे आता. वाईट नाही शाळा. — हो, माहीत आहे, तुमच्या मनासारखी नाही.

मग आता का, आठ वर्षांनी? विचारा, विचारणारच तुम्ही. ईस्टरला जावई आला होता, आमच्याच कंपनीत आहे. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभा राहिला आणि ओरडला, "सासरेबुवा, तुमचा काटा प्लेस्निक झालाय!" मी म्हटलं, काय झालाय? तर म्हणे, कंपनीत सगळे असंच म्हणतात, खोटं मोजणाऱ्या यंत्राला. कुठून आलं ते त्याला ठाऊकही नव्हतं. — हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. तुमचं नाव आहे ते, तुमच्या बापाचं नाव आहे. मी त्याला काट्यावरून खाली उतरवलं आणि जेवलो नाही.

मग झायटलर साहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं. म्हणाले, जुनं झालं, आल्फोन्स, कशाला उकरतोस. मी म्हटलं, सगळ्यांना खरं काय ते तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहीन, आणि माझं लिहिणं तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा लिहिलं. मला म्हणाले, नाताळच्या जेवणाला आता येऊ नकोस. नाही जाणार. बदक तसंही कोरडं असतं त्यांचं.

हे पत्र घ्या. शिक्का कंपनीचा, सही माझी. सहाही प्रयोगशाळांना गेलंय, पैसे देणाऱ्या ब्रुसेल्सलाही. चष्मा आहे? नाही तर मी वाचतो. "सहाव्या पेटीचं मोजमाप बरोबर होतं. माल दुसरा होता. तो मी, आल्फोन्स रोगलरने, जाणूनबुजून घातला आणि विचारल्यावर खोटं बोललो." आणि ह्या खोक्यात त्या आठ तडकलेल्या. टाकवल्या नाहीत माझ्याच्याने. नंबर आहेत, मोजून बघा, पाचांच्या आकड्याशी जुळतील.

नाही. काही बोलू नका. मार्क्टरेडविट्झला जाणारी तुमची गाडी वीस मिनिटांत आहे. खोकं जड आहे, स्टेशनपर्यंत मी धरतो. चला.