डाव्या हाताची लाल पट्टी

हसा बाप्पा माह्यावर, पण आधी ऐका. माह्या मालकाले, यायले, धानाच्या बांधीत साप चावला होता, तवाची गोष्ट.

बैलबंडीत टाकून भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणलं. पयले तिथं कोनीही असो, चिठ्ठीच्या लाइनीत उभंच राहा लागे. पण नव्या डॉक्टरीणबाईनं ते सारं बदलवलं होतं. ज्याचा जीव धोक्यात, त्याच्या मनगटाले लाल पट्टी बांधायची अन् त्याले सरळ आत न्यायचं. चिठ्ठी मंग काढायची.

नर्सबाईनं यायच्या डाव्या हाताले पट्टी बांधली अन् गेली. मले वाटलं, चुकली बिचारी, मर्दाले तं पूजेचा धागा उजव्या हाताले बांधतेत! मी सोडली. पण साप चावला होता उजव्याच हाताले, तो टरारून सुजलेला. मंग पट्टी ठेवू कुठं? घेतली माह्याच मनगटाले गुंडाळून.

तेवढ्यात दोघं जण गाडी ढकलत आले, पट्टी पायली अन् मलेच उचलून गाडीवर टाकलं!

"अरे, मी नाही! माहा मालक!"

"बाई बडबडून राहिली, जहर चढलं. पळव लवकर!"

आत पलंगावर निजवलं, अन् डॉक्टरीणबाईनं इचारलं, "कुठं चावला साप?"

"ज्यायले चावला ते बाहेर बाकावर हायेत जी!"

डॉक्टरीणबाई सोताच बाहेर धावली. लगेच यायले आत घेतलं, इंजेक्शन देल्लं, जीव वाचला. अजून दिवा लावताना त्या बाईले हात जोडते मी.

हे मात्र साऱ्यायले सांगत फिरतेत, "साप मले चावला, पण पलंग पयले हिनं पकडला!"