बाबाचा आवाज येत नाई

पल्लवी : आला का आवाज?

सतीश : नाई ना ताई. आवाज पुरा वाढवून ठेवला. पन स्पीकरच्या जागी 'डमी आउटपुट' लिहून येते. म्हंजे लॅपटॉपले स्पीकर हाय हेच ह्या लिनक्सले माईत नाई.

पल्लवी : परवापर्यंत तं बाबानं टाइप केलेलं लॅपटॉप चांगलं बोलून दाखवत होता.

सतीश : परवाच टाकलं ना लिनक्स. जुनी सिस्टीम लई अटके. माय गेल्यावरच्या ह्या पुण्यानुमोदनात बाबा बोलता बोलता अटकले असते, मंग?

पल्लवी : मंग अटकले असते. मुके तं नसते झाले. तिकडे मंडपात जऊळक्याचे मामा मायले आदरांजली देऊन राह्यले. त्याइच्या मांगं बाबाचंच नाव हाय.

सतीश : मामा लवकर आवरत नाईत. अजून एकडाव बंद-चालू करून पायतो.

पल्लवी : सकायपासून तेच करून राह्यला तू.

सतीश : तं काय करू? नेटवर विचारलं. एकानं कमांड सांगितली, मारली. आता वायफायबी गेलं.

पल्लवी : मंग लॅपटॉपच्या जागी मोबाईलले बोलाले लाव ना.

सतीश : त्यात पोरीचा आवाज हाय. बाबानं ऐकला अन् मोबाईल पालथा ठेवून देला.

पल्लवी : बरोबर हाय त्याइचं. बाबाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं अन् लॅपटॉप आला, तवापासून माय लॅपटॉपच्याच आवाजासंग भांडे. लॅपटॉप म्हने, 'वरनात मीठ नाई.' माय चुलीपासून म्हने, 'मंग स्वतःच करा.'

सतीश : शेजारची चंदाबाई तं मायले विचारे, 'केशरबाई, घरात भाडेकरू ठेवला का वं?'

पल्लवी : बाबा, तुमी लिहिलेलं मी वाचून दाखवू का?

(बाबा, म्हणजे ग्यानबा, मान हलवून नाही म्हणतात. लॅपटॉप ओढून टाइप करतात.)

सतीश : काय लिहिलं?

पल्लवी : 'तू वाचशीन तं थे तुही तुह्या मायले आदरांजली होईन. मले माह्या बायकोसंग बोलाचं हाय.'

सतीश : नसती उठाठेव केली मी. चालत्या गाड्याले खीळ घातली.

पल्लवी : आता रडू नको. मामा बसले. बाबाचं नाव पुकारून राह्यले.

सतीश : मंडपवाल्याच्या स्पीकरची वायर लावून पायतो.

पल्लवी : लाव लवकर.

सतीश : काईच नाई. खरखरबी नाई.

पल्लवी : दुसऱ्यांदा पुकारलं. बाबा, उठा. निस्तं फूल वाहा अन् बसा. लोकाइले समजते.

सतीश : थांब, काईतरी लिहून राह्यले.

पल्लवी : तूच वाच. मले दिसून नाई राह्यलं.

सतीश : 'पोरा, तुह्यावर राग नाई. लॅपटॉप येन्याच्या आंधी माहे इशारे पाहून केशरच सगळ्याइले सांगे. आताबी नाव पुकारलं, तं तिलेच हाक माराले तोंड उघडलं मी.'