चेन कोणी ताणली?

...आणि वर घरचे मलाच विचारतात, "शकु, चेन काहून उतरली?" आता तुम्हीच सांगा, मला काय माहीत? मी तर आत अभ्यास करत होते. बाहेर येऊन पाहते तर चेन तारेसारखी ताणलेली. विचारलं, चेन कोणी ताणली? कोणीच नाही.

तुम्हाला सांगते, आमची साधी सायकल होती, बाबांनी तिला इंजिन बसवलं. तेव्हापासून तिला दोन चेनी, उजवीकडे पायडलची, डावीकडे इंजिनची. उतरते ती डावीकडची. महाराजपुराहून अधारतालच्या शाळेत मी तिच्यावर जाते, म्हणजे अर्ध्या रस्त्यापर्यंत तिच्यावर आणि पुढे तिला ढकलत. भय्यासाहेबकाकांनी तर जाहीरच करून टाकलं, "या रविवारीही चेन उतरली तर इंजिन काढून कुंडमला नेतो, शेतातल्या पंपाला लावतो. पोरीच्या जातीला कशाला पाहिजे इंजिन?" मी कधीच बोलत नाही. पण मनात म्हटलं, न्या बरं, कसे नेता ते पाहते.

आधी चेन कोणती आणायची यावरच भांडण. काका म्हणे मोटरसायकलची, जाड, मजबूत. आणली, तर ती दात्यांवर बसेचना. बाबा म्हणे साध्या सायकलचीच चालते. चालली, कोपऱ्यावरच्या चक्कीपर्यंत, आणि तुटली. मग मी मागची, इंजिनच्या बाजूची गरारी, म्हणजे ते दात्यांचं चाक, खोलून दप्तरात टाकली आणि दुकानात गेले. दुकानदार म्हणे, "बिटिया, पापा को भेज दो, तुमसे नहीं होगा." मी मान खाली घालूनच गरारी समोर ठेवली, "भैया, एक-एक चेन इस पर बिठाकर दिखाइए." त्याला अर्धं दुकान खाली उतरवायला लावलं, तेव्हा कुठे एक अशी बसली की दाता न दाता भरला.

घरी येऊन चेन लावली. दुसऱ्या दिवशी पाहते तर पुन्हा ताणलेली! कोणी ताणली? कोणीच नाही.

मग रविवारी सकाळी पुस्तक उघडून खिडकीत बसले आणि नुसती पाहत राहिले. तर आमच्याकडे जो येतो, तो आधी सायकलीजवळ थांबतो, चेन अंगठ्यानं दाबतो, "ढिली आहे" म्हणतो, पाना उचलतो आणि मागच्या चाकाचा डावीकडचा नट ढिला करून चाक जरासं मागे ओढतो, भाजीत चिमूटभर मीठ टाकावं तसं. बाबा ओढतात, काका ओढतात, शेजारचे रामराव दूध घेऊन जाता-जाता ओढतात. उजवीकडच्या नटाला कोणी हात लावत नाही, कारण इंजिनची चेन डावीकडे ना! मग चाक तिरपं नाही होणार तर काय होणार? इंजिन पाहते सरळ, चाक पाहते रामरावांच्या घराकडे, मधली चेन बिचारी कोणाचं ऐकेल?

आईच्या शिलाई मशीनचा दोरा घेतला, इंजिनवरच्या गरारीपासून मागच्या गरारीपर्यंत धरला. मागे बोटभर फरक. दोन्ही नट सैल केले, चाक सरळ केलं, दोरा दोन्ही गराऱ्यांना सपाट टेकला. चेन बोटानं थोडी हलेल इतकी ढील ठेवली आणि पाना दप्तरात लपवून टाकला.

काका पुन्हा आलेच. अंगठा पुढे. "शकु, पाना कुठाय? हे तर ढिली आहे."

"राहू द्या काका."

"उतरेल ना बाई."

"उतरली तर इंजिन घेऊन जा. पण आता कोणी हात लावायचा नाही."

बाबा चहा प्यायचे थांबले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही पहिल्यांदाच समजलं.

अधारतालला गेले, परत आले. नाही उतरली. काकांनी सायकलीभोवती चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अंगठा खिशात घातला. इंजिन राहिलं.

बाबा इतके खूश झाले, इतके खूश झाले की सोमवारी मी शाळेत गेले ते त्याच सायकलवर... मागे, कॅरियरवर. बाबा चालवून राहिले होते, आणि दर चौकात ओळखीचं कोणी दिसलं की थांबून सांगून राहिले होते, "पाहा, चेन कशी सरळ बसवली आपण."